‘डाय हार्ड’ला दोन तारे आणि ‘ॲनाकोंडा’ला साडेतीन?

साडेसातची_लोकल

मंडळी, एक शंका आहे. जाणकारांनी हसू नये.

शनिवारी रूमवर ‘डाय हार्ड’ लावला होता. आम्ही चौघं, दोन बिर्याण्या, आणि सिनेमा निदान सहाव्यांदा. संपल्यावर एकाने सहज शोधलं की हा आला तेव्हा पेपरवाल्यांनी काय लिहिलं होतं. शिकागो सन-टाइम्सचा रॉजर ईबर्ट, सिनेसमीक्षेसाठी पुलित्झर मिळवणारा पहिला माणूस (१९७५), त्याने १९८८ साली ‘डाय हार्ड’ला दिले होते दोन तारे. दोन! आमचा एक पार्टनर हातातला लेग पीस ठेवून उभा राहिला.

मग कुठली झोप. दीड वाजेपर्यंत या बाबाचे जुने रिव्ह्यू खोदत बसलो. ‘स्पीड’ला चार. बरं. ‘प्रेडेटर’ तीन. चालेल. ‘मेट्रिक्स’ तीन, ‘द थिंग’ अडीच. हं. आणि ‘ॲनाकोंडा’? साडेतीन! तोच तो, ॲमेझॉन नदी, बोट, जेनिफर लोपेझ आणि केबलवर दर रविवारी दुपारी लागणारा साप.

म्हणजे पाचात ‘डाय हार्ड’ दोन आणि साप साडेतीन. हा माणूस गुरुवारी रात्री फासे टाकून तारे द्यायचा का? की मारधाडीचे सिनेमे त्याला मुळात कळतच नव्हते? त्याला नीट वाचलेलं इथे कोणी आहे का?

पोटमाळा

समीक्षक आणि हवामान खातं, दोघांचं ऐकून छत्री न्यायची नसते. पुढचा धागा काढा.

खारेदाणे

लोकलराव, पहिली दुरुस्ती: पाचात नाही, चारात. आपल्याकडे सगळे पेपर पाचात मोजतात म्हणून घोळ होतो. ईबर्टचे तारे चारपैकी, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. तीन म्हणजे ‘बघा’, अडीच म्हणजे ‘नाही बघितला तरी चालेल’. टीव्हीवरच्या कार्यक्रमात अंगठा वर की खाली, त्याची सीमारेषाही हीच. तेव्हा सापाला चारपैकी साडेतीन आहेत, तुमची जखम आणखी खोल झाली असेल. मी मीठ चोळायला आलेलो नाही. आयडी माझा खारेदाणे असला तरी.

मी त्याला वाचलंय, आणि विकिपीडियावर नाही. १९९४ ते २००२ आम्ही शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहायचो आणि नोकरीला मी रोज मेट्राच्या डबल डेकर गाडीने युनियन स्टेशनपर्यंत जायचो. त्या शहरात मोठे पेपर दोन. ट्रिब्यून म्हणजे पलंगपोस, उघडला की शेजारच्याच्या नाकात कोपर. सन-टाइम्स टॅब्लॉइड, मांडीवर मावणारा, त्यामुळे गाडीत सन-टाइम्सवाले बरेच. लोक वाचून सीटवरच टाकून जायचे. शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीत मी असा टाकलेला अंक हुडकायचो. विकत घ्यायला परवडत नव्हता असं नाही, पण सातारा जिल्ह्यातल्या माणसाला फुकट पडलेला पेपर सोडवत नाही. शुक्रवारी नवे सिनेमे लागायचे आणि त्याच दिवशी ईबर्टचे रिव्ह्यू यायचे.

तो अंक घरी पोचला की माझा राहत नसे. आमच्या हिचा असायचा. ही तेव्हा डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करता येत नाही, गाडी चालवता येत नाही, बाहेर फेब्रुवारीत उणे पंधरा. आणि हिला वेड भयपटांचं. लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत ‘पुराना मंदिर’ पाहिला, तेव्हापासूनचं. मी मात्र दार करकरलं तरी पॉपकॉर्नच्या डब्यात तोंड घालणारा. तर घरात ठरलं होतं: तिकिटाचे पैसे घालायचे तर ईबर्टने तीन दिले पाहिजेत. मारधाड, भुतं, साप, परग्रहवासी, काहीही असो. तिनाच्या खाली असेल तर डॉलर थिएटरला येईपर्यंत थांबायचं. (तिकडे सिनेमा जुना झाला की दीड-दोन डॉलरच्या थिएटरात यायचा. सीटा फाटक्या, पण आपल्याला सवय.)

त्यामुळे आठ वर्षं शुक्रवारी रात्री जेवताना मी रिव्ह्यू ऐकलेत. ही मोठ्याने वाचायची, अडेल तिथे मी सांगायचो, मला नाही आलं तर डिक्शनरी. ‘प्रिपॉस्टरस’ हा शब्द आमच्या घरात ईबर्टमुळे आला आणि पुढे माझ्या मोठ्या मेव्हण्याला कायमचा चिकटला. तो आला ‘द ममी’च्या रिव्ह्यूतून, १९९९. त्यात ईबर्ट म्हणतो की अचाट साहसपटांची माझी भूक कधी भागतच नाही. वाईट असले तर मी स्वतःला आवरतो, पण एखादा ‘काँगो’, एखादा ‘ॲनाकोंडा’ आला की विरघळतो. आणि मग कबुली: या सिनेमाच्या बाजूने बोलण्यासारखं माझ्याकडे जवळपास काही नाही, फक्त बघताना जवळपास प्रत्येक मिनिटाला मला मजा आली. तारे तीन.

आता तुमचा मुद्दा. त्याने हे एकदा स्वच्छ लिहून टाकलंय, २००४ साली ‘शाओलिन सॉकर’च्या रिव्ह्यूत. तारे सापेक्ष असतात. मित्र विचारतो ‘हेलबॉय’ कसा आहे, तेव्हा त्याला ‘मिस्टिक रिव्हर’च्या तुलनेत कसा आहे हे नको असतं, ‘पनिशर’च्या तुलनेत कसा आहे ते हवं असतं. ‘सुपरमॅन’ चार धरला तर ‘हेलबॉय’ तीन, ‘पनिशर’ दोन. म्हणजे मिसळीला मार्क देताना तिची पुरणपोळीशी तुलना नाही. तर्री, फरसाण आणि पाव, एवढंच बघायचं. सापाचा सिनेमा सापाच्या सिनेमांच्या रांगेत उभा करायचा. त्या रांगेत ‘ॲनाकोंडा’ खरंच पहिल्या दोन-तिनांत येतो की नाही? जॉन वॉइट जो काही ओठ वाकडे करून, डोळे बारीक करून हिंडतो, ते त्याने पूर्ण समजून उमजून केलंय. ईबर्टला ते आवडलं होतं. आणि त्याचं म्हणणं होतं की मोठ्या गर्दीसाठी चांगला करमणुकीचा सिनेमा बनवणं ही सगळ्यात अवघड कामांपैकी एक गोष्ट आहे. आम्ही हा डॉलर थिएटरला दुसऱ्यांदा पाहिला. वॉइटला साप गिळतो, परत ओकतो, आणि तो तशा अवस्थेत लोपेझकडे बघून डोळा मारतो. ही अख्ख्या थिएटरात एकटी टाळ्या वाजवत होती. मी नेहमीप्रमाणे डब्यात.

‘डाय हार्ड’चं उलटं. तो सिनेमा त्याला कळला नव्हता असं म्हणणं अन्याय आहे. ब्रूस विलिस, ॲलन रिकमन, स्टंट, या सगळ्याबद्दल तो बरंच लिहितो. त्याचा राग एका पात्रावर. इमारतीखाली उभा असलेला तो उपपोलीसप्रमुख, जो वॉकीटॉकीवरच्या माणसावर विश्वासच ठेवत नाही आणि दर वेळी चुकीचंच बोलतो. ईबर्ट म्हणतो, सिनेमाचा दुसरा अर्धा भाग या एकट्या माणसाने खिळखिळा केला. पटकथा पुढे ढकलायची म्हणून एखाद्याला मठ्ठ ठेवलं की ईबर्टचं डोकं फिरायचं. अशा कथानकाला त्याच्या शब्दसंग्रहात ‘इडियट प्लॉट’ असं नाव होतं: सगळी पात्रं मूर्ख नसती तर पाच मिनिटांत मिटलं असतं असं कथानक. त्याच यादीत परमुलखातल्या पाठलागात हमखास उलटणारी फळांची गाडी आहे, आणि नायकाला गोळी घालायची सोडून भाषण देत बसणारा खलनायकही. आपल्या सिनेमांना ही यादी लावली तर संध्याकाळ होईल.

गंमत म्हणजे ‘डाय हार्ड २’ला त्याने साडेतीन दिलेत. म्हणजे विलिसशी वैर नव्हतं.

अर्धातिकीट

खारेदाणे, लिहिलंय झकास, पण तुम्ही वकिली करताय. ‘द थिंग’चं काय? १९८२ साली त्याने त्याला उलटीच्या पिशवीचा सिनेमा म्हटलं. पात्रं पातळ आहेत म्हणे. बर्फात अडकलेली माणसं, कोण माणूस आणि कोण ते दुसरं हे कोणालाच माहीत नाही, त्या रक्ताच्या चाचणीच्या सीनला माझ्या हातातला चहा गार झाला होता. आज भयपटांच्या कुठल्याही यादीत तो वर असतो. रांगेत उभं करून मोजायचं ना? मग भयपटांच्या रांगेत हा अडीच कसा?

दुसरं, हा माणूस मधूनच मास्तर व्हायचा. ‘किक-ॲस’ला एक तारा, का तर अकरा वर्षांची पोरगी माणसं मारते ते नैतिकदृष्ट्या पटलं नाही. तिथे कुठे गेली तुलना? कॉमिक्सच्या सिनेमांच्या रांगेत तो मस्त आहे. रांगेचा नियम त्याला सोयीचा असेल तेव्हाच.

खारेदाणे

‘द थिंग’बाबत तो चुकला. आमच्या घरात हा विषय काढायचा नाही. हिने त्याला अजून माफ केलेलं नाही.

मास्तर व्हायचा, हेही खरं. पण कुठे व्हायचा ते बघा, मजा आहे. त्याचा एक जुना लेख आहे, जानेवारी १९६९चा. पेपरात तो सिनेसमीक्षक झाला १९६७ला, म्हणजे पंचविशीतलं नवखं पोरगं. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ बघायला शनिवारच्या दुपारच्या खेळाला वस्तीतल्या थिएटरात गेला. थिएटरभर पोरं, आईबापांनी सोडून दिलेली, दोन तास सुटका म्हणून. सुरुवातीला पोरं किंचाळतायत, खुशीत आहेत, जसं भुताच्या सिनेमाला किंचाळायचं असतं तसं. अर्ध्यावर आवाज बंद. कारण हा सिनेमा नेहमीसारखा नव्हता, यात चांगली माणसं मरत होती आणि कोणी वाचवायला येत नव्हतं. पलीकडच्या बाजूला नऊएक वर्षांची मुलगी, अगदी स्तब्ध बसून रडत होती, असं त्याने लिहिलंय.

आता हे लक्षात घ्या, सिनेमा वाईट आहे असं तो म्हणत नाही. नोव्हेंबर १९६८मध्ये तिकडे वयोगटाची नवी पद्धत लागू झाली, आणि हा सिनेमा त्याच्या जेमतेम महिनाभर आधी बाहेर पडलेला. त्याचा सवाल थिएटरवाल्यांना आणि आईबापांना होता: या पोरांना आत कोणी सोडलं? दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकाचा, जॉर्ज रोमेरोचा, ‘डॉन ऑफ द डेड’ आला, पहिल्यापेक्षा कितीतरी रक्तबंबाळ. त्याला ईबर्टचे चार तारे. म्हणजे रक्ताचं वावडं नव्हतं. ‘हॅलोविन’लाही चार, आणि तुलना थेट ‘सायको’शी.

पण १९८०मध्ये ‘आय स्पिट ऑन युवर ग्रेव्ह’ला शून्य. तोही त्याने शहरातल्या थिएटरात, लोकांत बसून पाहिला. शेजारी दोन खुर्च्या सोडून पांढऱ्या केसांचा एक इसम, पडद्यावर बलात्कार चाललाय आणि हा पसंतीचे शेरे मारतोय. त्या रिव्ह्यूत सिनेमाइतकीच जागा त्या इसमाला आणि बाकीच्या प्रेक्षकांना आहे. त्याच वर्षी टीव्हीवर त्याने आणि ट्रिब्यूनच्या जीन सिस्कलने एक अख्खा भाग या विषयावर केला. बायकांच्या मागे सुरा घेऊन धावणारे सिनेमे, ज्यात कॅमेरा मारणाऱ्याच्या डोळ्यांत बसवलेला असतो. ‘हॅलोविन’ त्यांनी यातून वगळला, कारण तिथे आपण मुलीच्या बाजूने घाबरतो. हा फरक मला पटतो. हिला जास्त पटतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ छापाच्या सिनेमांना तो ‘डेड टीनेजर मूव्ही’ म्हणायचा आणि ही त्यांना ‘पोरं संपवायचा कारखाना’ म्हणते.

माझं म्हणणं इतकंच, की हा माणूस कुठल्या खुर्चीत बसून बघतोय हे लिहायला लाजत नसे. लेक स्ट्रीटवरच्या प्रेसवाल्यांच्या छोट्या स्क्रीनिंग रूममध्ये बसला काय किंवा शनिवारच्या पोरांत. रॉबर्ट वॉर्शो नावाच्या एका जुन्या समीक्षकाचं वाक्य तो नेहमी सांगायचा, त्याचा भावार्थ: माणूस सिनेमाला जातो, आणि तो माणूस आपणच आहोत हे समीक्षकाने प्रामाणिकपणे कबूल करावं. ‘किक-ॲस’ला तो माणूस सदुसष्ट वर्षांचा नाना होता, पडद्यावर लहान पोरीला बदडताना बघवलं नाही. तारा एक. तुम्ही असहमत व्हा, पण का दिला ते तर कळलं ना?

अवांतर: रसेल मायरच्या ‘बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स’ची (१९७०) पटकथा याच मास्तरांनी लिहिलेली आहे. तो सिनेमा सहकुटुंब बघू नका. आम्ही बघितला. सासूबाई भारतातून आलेल्या होत्या.

फिलर_मजकूर

वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पाच वर्षं एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीत सिनेमाचा रिव्ह्यू लिहायचो. नाव विचारू नका, तिथे अजून मित्र आहेत. मानधन एका रिव्ह्यूला दीडशे रुपये, तिकीट स्वतःच्या खिशातून. शुक्रवारी बाराचा खेळ बघायचा, स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून साडेपाचपर्यंत मेल करायचा. शब्द एकशे ऐंशी. त्यात नव्वद शब्द कथानक, कारण ते नसलं तर डेस्कवरून फोन: “अहो, ष्टोरी कुठाय?” संगीत ठीक, छायांकन नेत्रसुखद, संकलन अजून धारदार हवं होतं, ही वाक्यं माझी तयारच असायची. संकलन धारदार म्हणजे काय हे मला आजही सांगता येणार नाही.

तारे मी द्यायचो, पण छापून तेच येतील याची खात्री नाही. एकदा एका मराठी भूतपटाला मी साडेतीन दिले. मनापासून. बजेट नसताना नुसत्या आवाजावर त्या पोरांनी भीती उभी केली होती, मागच्या रांगेतले कॉलेजचे टगे गप्प बसले होते. शनिवारी अंक उघडला तर दोन. डेस्कवर विचारलं तर उत्तर आलं, “भुताच्या पिच्चरला साडेतीन दिले तर चांगल्या पिच्चरला काय द्यायचे?”

खारेदाणे काकांनी त्या ‘हेलबॉय’वाल्या मुद्द्याबद्दल लिहिलंय, तो मला तेव्हा माहीत असता तर मी भांडलो असतो. बहुतेक दीडशे रुपये गेले असते. असो. मजकूर मात्र माझा तसाच छापला होता. मजकुरात ‘चुकवू नका’ आणि वर तारे दोन. थिएटरच्या मॅनेजरने कात्रण काढून, तारे कापून, बुकिंगच्या खिडकीवर चिकटवलं होतं.

पोटमाळा

तारे कापून! वरचा माझा प्रतिसाद मागे घेतो. छत्री घेऊन बसलोय, अजून लिहा.

अर्धातिकीट

बरं, ‘किक-ॲस’ सोडून देतो. ‘द थिंग’ नाही सोडणार. काकू आणि मी एका पक्षात.

काका, एक विचारायचं होतं. उतारवयात त्याचे तारे वाढले असं वाचलं होतं. ऐकीव आहे की खरं?

खारेदाणे

थोडा मऊ झाला होता. तारे फार वाटतोस म्हणून लोक टोचायचे, त्यावर त्याने स्वतःच लिहिलंय. पण मऊ होण्याची कारणं असतील. २००६मध्ये कर्करोगाच्या शस्त्रक्रियांनंतर आवाज कायमचा गेला. खाणंपिणं तोंडाने बंद. टीव्ही सुटला. पेपर नाही सुटला. २०१२ या एका वर्षात ३०६ रिव्ह्यू, त्याच्या हिशेबाप्रमाणे आयुष्यातले सगळ्यात जास्त. त्यात किती भिकार सिनेमे असतील विचार करा. एप्रिल २०१३ला गेला. सन-टाइम्समध्ये एकूण सेहेचाळीस वर्षं.

आम्ही तोवर नाशिकला परत येऊन अकरा वर्षं झाली होती. बातमी हिनेच वाचली. संध्याकाळी म्हणाली, आज साप लाव. लावला.

साडेसातची_लोकल

धाग्याचं इतकं होईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल परत ‘डाय हार्ड’ लावला, खारेदाणे काकांचं वाचून. यावेळी चौघांनी ठरवून त्या उपपोलीसप्रमुखावर लक्ष ठेवलं. तो पडद्यावर आला आणि पहिल्याच वाक्याला आमचा पार्टनर, तोच लेग पीसवाला, “गप रे!” म्हणून ओरडला. मग दर वेळी. शेवटी त्याची वाक्यं यायच्या आधीच आम्ही म्हणत होतो. आयुष्यात पहिल्यांदा ‘डाय हार्ड’ला उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटला. काका, तुम्ही आमचा सिनेमा नासवलात राव.

तरी माझे साडेतीन. चारपैकी.

आता या शनिवारी ‘ॲनाकोंडा’ ठरलाय. आमच्यापैकी दोघांनी तो सलग कधी पाहिलेलाच नाही, नेहमी जाहिरातींच्या मधूनच. डोळा मारतो ते नक्की कुठे येतं? पार्टनरला सांगायचं नाहीये.

खारेदाणे

शेवटाकडे. धबधबा दिसला की पॉपकॉर्न खाली ठेवा.